मोपेड (ग्रामीण विदर्भ)

सुमारे ५० ते १०० घनसेंटिमीटर क्षमतेचे एक सिलिंडरचे इंजिन असलेली, बिनगिअरची हलकी दुचाकी. मोटर आणि पेडल हे दोन शब्द जोडून नाव पडले, कारण सुरुवातीच्या गाड्यांना सायकलीसारखी पायडले असत. वऱ्हाड-नागपुराकडच्या खेड्यांत ‘मोपेड’ फारसे कोणी म्हणत नाही. कंपनी कोणतीही असो, गाडी ‘लुना’ नाहीतर ‘एक्सएल’. ५० घनसेंटिमीटर म्हणजे टपरीवरच्या कट चहाएवढी जागा. गाडीची सगळी ताकद तेवढ्यातून निघते.

लुना १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणली. मूळ आराखडा इटलीच्या पिअ‍ॅज्जिओ कंपनीच्या ‘चाओ’चा. १९८० मध्ये टीव्हीएस ५० आली, आणि तिच्यावर दोघांना बसता येत असे. पुढे त्याच घराण्यातल्या एक्सएल गाड्यांनी कास्तकाराच्या अंगणात जागा धरली.

जुन्या गाड्यांचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नसतात आणि दट्ट्याच्या (पिस्टनच्या) प्रत्येक फेरीला स्फोट होतो, म्हणून भाग कमी आणि बिघाडही ओळखीचे. वंगणासाठी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे, लिटरमागे साधारण २० मिलि. जास्त पडले तर धूर आणि काजळलेला प्लग, कमी पडले तर पिस्टन जाम. प्लग काजळला की रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, पान्याने तो काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. हे काम येत नाही असा जुना लुनावाला विरळाच. सेंट्रिफ्यूगल, म्हणजे इंजिनाच्या वेगाने आपोआप जुळणारा-सुटणारा क्लच असल्याने अ‍ॅक्सिलरेटर पिळला की गाडी निघते, सोडला की चाकाचा जोर सुटतो. हात-पाय एकाच वेळी चालवायची कसरत नाही, त्यामुळे साठीतल्या माणसालाही ती दोन दिवसांत येते.

मायलेजचे कौतुक सगळेच करतात, पण या गाडीचे खरे मर्म गुडघ्यांपुढच्या मोकळ्या जागेत आहे. मोटारसायकलची टाकी असते तिथे मोपेडवर ढेपेचे (जनावरांच्या पेंडीचे) पोते बसते, दुधाची कॅन बसते, फवारणीचा पंप उभा राहतो. मागची सीट काढली की कॅरियरवर कुटाराचे (भुशाचे) गाठोडे. म्हणजे तिने बैलगाडीची किरकोळ कामे आणि सायकलची सगळी कामे उचलली. मोटारसायकलशी तिची स्पर्धा कधी नव्हतीच. ती हलकीही आहे. पावसाळ्यात पांदणीत, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे गच्च बसते नि चाक फिरेनासे होते. मग काडीने माती उकरायची, तरी नाही जमले तर दोघांनी गाडी उचलून धुऱ्यावर (बांधावर) ठेवायची. पुढचे मडगार्डच काढून टाकलेल्या एक्सएल त्यामुळेच दिसतात. मग तोंडावर चिखल उडतो, पण वावरात पोचता येते.

मर्यादाही उघड आहेत. मेळघाटच्या चढावर डबल सीट मोपेड रडते; मागच्याला उतरून चालावे लागते. महामार्गावर ट्रकच्या वाऱ्यानेच ती डगमगते. मोटार वाहन कायद्यात १६ वर्षांच्या मुलाला ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा परवाना मिळू शकतो. आताची एक्सएल त्या मापात बसत नाही. तरी मिसरूड न फुटलेली पोरे ती बिनधास्त पिटाळतात आणि घरचे त्याकडे काणाडोळा करतात, हे चांगले नाही.

प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा टू-स्ट्रोकचा काळ सरला. २०१५ मध्ये आलेल्या एक्सएल १०० ला ९९.७ घनसेंटिमीटरचे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. ऑइल मिसळायची भानगड नाही, नंतर बटन स्टार्टही आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने लुना विजेवर आणली. तिच्यात इंजिनच नाही, पण गुडघ्यांपुढची मोकळी जागा तशीच ठेवली आहे.