हार्टच्या व्हॉल्वमधलं सिरॅमिक

हार्टचा खराब व्हॉल्व काढून मेकॅनिकल व्हॉल्व बसवतात, त्यातला उघडझाप करणारा भाग, म्हणजे पाकळी किंवा चकती, सिरॅमिकचा किंवा सिरॅमिकसारख्या मटेरियलचा करायची पद्धत. सिरॅमिक म्हटलं की लोणच्याची बरणी आठवते, पण सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जाऊन बघा, सूत सरकतं ती पांढरी गुळगुळीत कडी बऱ्याचदा सिरॅमिकचीच असते, कारण सुतासारखं सूत पण घासून घासून स्टीलला चर पाडतं. हार्टमध्ये तेच दुखणं. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला लाखभर आणि वर्षाला साडेतीन कोटींच्या वर उघडझाप, आणि पार्ट बदलायला परत छाती उघडावी लागते.

सगळ्यात चाललेलं मटेरियल म्हणजे पायरोलिटिक कार्बन. काटेकोर बोलायचं तर कार्बनच, पण कडकपणा आणि ठिसूळपणा सिरॅमिकचा. मुळात हा लेप अणुभट्टीच्या इंधनाच्या बारीक गोळ्यांसाठी होता, 1960 च्या दशकात अमेरिकेत कळलं की यावर रक्त कमी गोठतं. हजार डिग्रीच्या वर तापलेल्या भट्टीत ग्रॅफाइटच्या पाकळ्या खेळत्या ठेवतात, प्रोपेनसारखा गॅस फुटतो आणि त्यातला कार्बन थराथराने पाकळीवर बसतो. 1977 पासून वापरात आलेला दोन पाकळ्यांचा सेंट ज्यूड व्हॉल्व याच मटेरियलचा.

आपल्या देशातली गोष्ट जास्त भारी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये हार्ट सर्जन डॉ. वलियाथन यांच्या टीमने चकतीसाठी नीलम, म्हणजे ॲल्युमिनाचा अखंड स्फटिक घेऊन बघितला. चकतीला काही झालं नाही, तिने शेजारच्या टायटॅनियमलाच खाल्लं! मग धातू बदलला, तर चकतीच फुटली. शेवटी एकदम चिवट प्लास्टिकची चकती घेतली आणि 1990 मध्ये तो चित्रा व्हॉल्व पहिल्यांदा पेशंटला बसला. नुसतं कडक असून भागत नाही, जोडीदार पण टिकला पाहिजे.

कार्बन असो की प्लास्टिक, मेकॅनिकल व्हॉल्ववर गुठळी व्हायची भीती राहतेच, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासत राहायचं. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ऑपरेशननंतर मेथी पार सोडली होती, कारण पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीचा जोर कमी करतं, कडक भाकरी नुसत्या शेंगाचटणीशी खायचे. डॉक्टरांनी सांगितलं, खा की, फक्त एक दिवस जुडीभर आणि पुढे आठवडाभर काहीच नाही असं नको. काकांच्या व्हॉल्वची टिकटिक दिवसा मागाच्या खडखडाटात कुणाला कळत नाही, रात्री लाइट गेली की काकूंना पण ऐकू येते.