गाठ हाताला लागत नाही, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

बीड-लातूरकडे तंबाखू-चुना मळणारी घरं पुष्कळ. अशा घरात जिभेचा कॅन्सर निघाला की सल्ला ठरलेला: "मानेत गाठ नाही ना? मग मान कापू देऊ नका." हा सल्ला जिवावर बेततो.

तोंडाचा कॅन्सर पसरताना बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत (रोगाशी लढणाऱ्या बारीक ग्रंथींत) उतरतो. सुरुवातीच्या मोजक्या पेशी बोटांना लागत नाहीत, सोनोग्राफीतही निसटतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तेव्हा असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेत गाठ नसतानाच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हा फरक म्हणजे माणसं आहेत!

काढलेल्या ग्रंथी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. किती ग्रंथींत कॅन्सर आहे, तो ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आलाय का, यावरून पुढचा अंदाज बांधतात, रेडिएशन-केमोचंही ठरतं. रिपोर्टमधल्या या दोन ओळी डॉक्टरांकडून समजून घ्याच.

तोंडातली कॅन्सरची जखम अगदी उथळ असेल तर मानेच्या ऑपरेशनसाठी थांबताही येतं, पण तो निर्णय कॅन्सर सर्जनचा, पाहुण्यारावळ्यांचा नव्हे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथे विचारा.