सुपरनोव्हांवरून विश्वातील अंतरमापन

दूरच्या दीर्घिकांची अंतरे आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढण्यासाठी ‘आयए’ प्रकारच्या सुपरनोव्हांचा (ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांचा) उपयोग करण्याची पद्धत. श्वेत बटू ताऱ्याने (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घन गाभ्याने) जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढले, किंवा दोन श्वेत बटू एकमेकांत विलीन झाले, की कार्बनचे अनियंत्रित ज्वलन सुरू होऊन अख्खा तारा फुटतो. ऐन भरात त्याची दीप्ती सुमारे पाच अब्ज सूर्यांएवढी असते. मूळ दीप्ती ठाऊक असली, की तारा किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर निघते.

मात्र हे सगळे स्फोट सारख्याच तेजाचे नसतात. पद्धतीला खरा भरवसा मिळाला तो १९९३ मध्ये. जास्त तेजस्वी सुपरनोव्हा सावकाश विझतात, हे खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी दाखवून दिले. कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत निळा प्रकाश किती घटला ते मोजायचे आणि त्यानुसार दीप्ती दुरुस्त करायची. यामागे स्फोटात तयार होणारे निकेल-५६ आहे: त्याच्या किरणोत्सारी ऱ्हासातूनच हा प्रकाश येतो. निकेल जास्त असेल, तर अवशेष अधिक तापतो आणि प्रकाश बाहेर पडायला वेळ लागतो. वाटेतल्या धुळीने मंदावलेला प्रकाश रंगावरून ओळखतात.

एका दीर्घिकेत असा स्फोट शतकात जेमतेम एखादा. म्हणून अमावास्येच्या सुमारास हजारो दीर्घिकांची छायाचित्रे घेत, तीन आठवड्यांनी तोच भाग पुन्हा टिपत आणि दोन्ही चित्रांची वजाबाकी करत. उरलेला ठिपका म्हणजे संभाव्य सुपरनोव्हा!

सॉल पर्लमटर यांचा गट आणि ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा गट प्रसरण किती मंदावले आहे, हेच मोजायला निघाले होते. १९९८ मध्ये हाती आले ते नेमके उलटे. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेहून मंद, म्हणजे अधिक दूर होते. प्रसरणाचा वेग वाढत होता. याचे कारण म्हणून कृष्ण ऊर्जा मानली जाते, पण तिचे स्वरूप अज्ञात आहे. तिघांना २०११ चे भौतिकीचे नोबेल मिळाले.

या पद्धतीतून मुळात सापेक्ष अंतरेच मिळतात. ती प्रकाशवर्षांत आणण्यासाठी जवळच्या दीर्घिकांतील सेफीड ताऱ्यांचा (ज्यांच्या तेजाच्या चढउताराच्या कालावधीवरून मूळ दीप्ती कळते अशा ताऱ्यांचा) आधार घ्यावा लागतो. त्यातून हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाचा आजचा वेग, दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो, तर प्लांक उपग्रहाने टिपलेल्या, विश्वाच्या आरंभकाळातील आदिम प्रारणावरून तो सुमारे ६७ निघतो. गर्दीत मिसळलेल्या ताऱ्यांमुळे सेफीडची मापे चुकली असावीत, ही शंका जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनी बरीच दूर केली आहे. तफावत मात्र कायम आहे.