कूपनाचं बटण कसं झालं

‘साइट एकदम झकास झाली, पण चौकशीचा एक फोन नाही,’ ही तक्रार वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते. मग आम्ही साळसूदपणे सांगतो, आधी हेतू ठरवा, रंग मागाहून. हा सल्ला वेबच्या आधीचा आहे.

अमेरिकेतला जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवायचं कूपन छापायचा. कूपनांवर खुणा वेगवेगळ्या असत. परत आलेल्या कूपनांची मोजदाद केली की कुठल्या मथळ्याने गिऱ्हाईक आणलं ते कळे. मथळा साहेबांना आवडला होता की नाही, हा प्रश्नच उरत नसे. १९२३ साली त्याने ही पद्धत पुस्तकात मांडली.

वेब आलं तेव्हा हे शहाणपण कुणाला आठवलं नाही. कारण साधं होतं: कंपन्यांच्या पहिल्या साइट म्हणजे छापील माहितीपत्रकंच होती, फक्त पडद्यावर चढवलेली. मोजायला तळाशी एक काउंटर असे आणि मालकाने स्वतः दहा वेळा पान उघडलं तरी तो इमानदारीने पुढे सरके. १९९६च्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने फ्लॅश हे पानावर हलती चित्रं आणणारं सॉफ्टवेअर हाती घेतलं आणि मग उडत्या लोगोंचा सुकाळ झाला. भारतात तेव्हा डायल-अप, म्हणजे फोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट होतं, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं त्याला दोन-तीन वर्षंही झाली नव्हती. म्हणजे लोगो उडत असताना बिल पाहणाऱ्याच्या फोनवर चढत होतं. त्या पानांवरचं सर्वांत कामाचं बटण म्हणजे सुरुवातीची चित्रफीत टाळणारं ‘स्किप इंट्रो’ हेच.

या हौसेची सर्वांत महागडी किंमत लंडनच्या बू डॉट कॉमने मोजली. फॅशनचे कपडे विकणारी ही साइट नोव्हेंबर १९९९मध्ये सुरू झाली. कपडा गोल फिरवून बघता येई, ‘मिस बू’ नावाची चित्रातली बाई मदतीला असे. पण बहुतेकांच्या घरी मोडेम, त्यामुळे पान उघडेपर्यंत खरेदीची हौस फिटलेली. मे २००० मध्ये कंपनी बुडाली, सुमारे १३.५ कोटी डॉलर उडवून. फक्त देखण्या पानांनी ती बुडवली असं म्हणणं अन्यायाचं होईल, खर्चालाही धरबंध नव्हता. पण डिझायनरांच्या गप्पांत उदाहरण म्हणून ती कायमची राहिली.

खरा बदल आणला तो हिशेबाने. ऑक्टोबर २००० मध्ये गुगलने ॲडवर्ड्स ही जाहिरातींची सेवा सुरू केली आणि २००२ पासून त्यात दर क्लिकमागे पैसे मोजायची पद्धत आली. क्लिक विकत घ्यायचं म्हटल्यावर माणूस येऊन पडतो ते पान काय काम करतं, हे विचारणं भागच होतं. अशा पानाला, म्हणजे लँडिंग पेजला, महत्त्व आलं ते इथून. नोव्हेंबर २००५मध्ये साइटवर कोण आलं, काय पाहिलं हे मोजणारं गुगल ॲनालिटिक्स फुकट मिळू लागलं, तेव्हा इतकी झुंबड उडाली की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. मोजमाप आता वाण्याच्या दुकानालाही परवडणारं झालं.

बराक ओबामांच्या पहिल्या अध्यक्षीय प्रचारातला प्रयोग तर हॉपकिन्सला आपलाच वाटला असता. नावनोंदणीच्या पानासाठी चार बटणं आणि सहा चित्रं-चित्रफिती घेतल्या, त्यांच्या चोवीस जोड्या केल्या आणि येणाऱ्यांना वाटून दाखवल्या. चमूचा जीव एका चित्रफितीवर होता. पण चित्रफिती सगळ्याच फोटोंच्या मागे पडल्या. जिंकला तो ओबामांचा कुटुंबासोबतचा फोटो, आणि बटण ‘साइन अप’ नव्हे, ‘लर्न मोअर’. शंभरात ८.२६ जण नाव नोंदवत होते, ते ११.६ झाले.

पुढे हेच हत्यार उलटंही फिरलं. ‘फक्त दोनच शिल्लक’ची खोटी घाई आणि रद्द करायचं बटण दडवून ठेवणं, हेसुद्धा मोजून-मापूनच शोधलेलं. अशा क्लृप्त्यांना डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत असे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत.