बाटली परत पाठवण्याआधी: आमच्या बारोलोतील साक्याविषयी

इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या ज्या कुटुंबाची बारोलो ही लाल वाईन आम्ही आणतो, तिच्याबद्दलची बहुतेक तक्रार एकच असते. पेल्यातली वाईन गढूळ आहे, शेवटच्या घोटाला जिभेवर कचकच लागते, म्हणजे माल खराब, बदलून द्या. अर्धी बाटली परत येते. आम्ही ती उभी ठेवतो, दोन दिवसांत वाईन निवळते, पण उघडी राहिल्यामुळे तोवर तिची मजा गेलेली असते. तुमची चांगली वाईन वाया आणि आमचा वेळही.

तळाशी बसतो तो साका. लाल वाईन सालींसकट आंबवतात, आणि सालींतून रंग व टॅनिन उतरतं. तुरटपणा येतो तो या टॅनिनमुळे. बाटलीत काही वर्षं गेली की हे घटक एकमेकांत गुंततात, जड होतात आणि खाली बसतात. मुरलेल्या बारोलोचा रंग विटकरी आणि तुरटपणा मऊ होतो, त्यामागे हेच कारण. कधी बुचाच्या आतल्या बाजूला चमकदार खडे दिसतात. ती काच नव्हे, द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचा क्षार आहे. थंडीत तो खडे धरतो, म्हणून बाटली फ्रिजरमध्ये घातली की दिसू शकतो. दोन्ही निरुपद्रवी.

मग गाळूनच का पाठवत नाही, असं विचारलं जातं. मोठे कारखाने वाईन बाटलीत भरण्यापूर्वी शून्याखाली थंड करून क्षार पाडून टाकतात, मग बारीक फिल्टरमधून काढतात. त्यात गैर काही नाही. हे कुटुंब मात्र तळघरातल्या हिवाळ्यावर भागवतं आणि एका पिंपातून दुसऱ्यात वाईन हलवताना साका मागे ठेवतं, फिल्टर लावत नाही. आम्ही त्यांना तसा आग्रहही केलेला नाही. या वाईनचा भरीवपणा आम्हाला फिल्टरपेक्षा प्यारा आहे.

खरं तर आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो डोल्चेत्तोसाठी, म्हणजे रोजच्या जेवणासोबत चालणारी साधी लाल वाईन शोधायला. चाखून झाल्यावर घरातल्या आजींनी आदल्या दिवशी उघडलेली एक बाटली टेबलावर ठेवली. लेबल नाही, खांद्यापर्यंत धूळ. ती घरच्यांसाठी ठेवलेली बारोलो होती. आधी डांबराचा वास, मग सुकलेल्या गुलाबाचा, आणि ताज्या लाकडाचा मागमूस नाही, कारण ते जुन्या, मोठ्या पिंपांतच वाईन मुरवतात. लांगे या तिथल्या डोंगराळ भागातल्या अनेक शेतकऱ्यांसारखं याही घरानं आधी वर्षानुवर्षं द्राक्षं व्यापाऱ्यांना विकली होती. आजींनी शेवटचे दोन-तीन चमचे बाटलीतच ठेवले, तेव्हा आम्हीही ते मागितले नाहीत.

बारोलो फक्त नेब्बिओलो द्राक्षाची असते आणि नियमानुसार किमान 38 महिने मुरवावी लागते. त्यांतले 18 महिने लाकडात. एवढं थांबून झालेली वाईन प्रवासातून घरी आली की त्याच संध्याकाळी उघडली जाते, नेमकी इथेच चूक होते. वाहनात हेलकावे खाऊन साका पूर्ण बाटलीत मिसळलेला असतो. नेब्बिओलोचा साका फार बारीक, लवकर बसत नाही. चहाच्या गाळणीतूनही तो सरळ निघून जातो.

बाटली आली की दोन आठवडे अंधाऱ्या, गार जागी आडवी ठेवा. प्यायच्या आदल्या दिवशी तरी, जमल्यास दोन दिवस आधी, अलगद उभी करा. बूच काढताना झटके नकोत. मग एका हातात बाटली, समोर काचेचा जग, आणि बाटलीच्या मानेमागे टॉर्च किंवा मेणबत्ती. एका धारेत, न थांबता ओता. मधेच बाटली सरळ केलीत तर साका पुन्हा उठतो. खांद्याशी काळा धागा सरकताना दिसला की थांबा. तळाचा घोट टाकून द्यायला जीव होत नसेल तर रश्श्यात घाला.

काचेच्या जगमध्ये तासभर ठेवली तर वास खुलतो. 16 ते 18 अंश तापमान बरं. बर्फगार बारोलो नुसती तुरट लागते आणि दोष आमच्यावर येतो. फिकट रंगाचं म्हणाल, तर नेब्बिओलो मुळात फिकटच असते. काळीभोर वाईन हवी असेल तर ही घेऊ नका.

खराब बाटली कधीमधी निघते, ते आम्ही नाकारत नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, शिरक्यासारखी आंबट निघाली, किंवा बूच आधीच वर सरकून वाईन झिरपलेली दिसली, तर बिनशर्त बदलून देऊ. फक्त एवढं करा: वाईन ओतून टाकू नका, बूच जपून ठेवा आणि बाटली पाठवण्याआधी फोटोसह कळवा. साका असेल तर फोटोतच ओळखू येतो.

एवढा खटाटोप नको असेल, त्यांनी त्याच घराची डोल्चेत्तो मागवावी. तरुणपणीच प्यायची वाईन आहे, आणली त्याच संध्याकाळी उघडली तरी चालते. बारोलोची पुढची खेप आगाऊ नोंदणीवर येते. सहा बाटल्यांची पेटी घेतलीत तर एक आत्ता उघडा आणि बाकीच्या काही वर्षं विसरा. साका तेव्हा याहून जास्त असेल, आणि वाईनही याहून चांगली.