डायपरची रॅश, बुरशी आणि त्यामागचा लांबलचक इतिहास

अँटिबायोटिकचा कोर्स संपत आला की बऱ्याच लेकरांचं बूड लाल व्हायला लागतं आणि मग घरात ज्याला जे सुचेल ते चालू होतं, कोण म्हणतं खोबरेल लाव, कोण म्हणतं पावडर टाक, कोण म्हणतं दात येतायत म्हणून आहे, होईल बरं. माझी मुलगी दीड वर्षाची असताना हेच झालं. कान दुखायचा म्हणून औषध चालू होतं, ते संपायच्या आतच रॅश आली आणि तीन आठवडे आम्ही झिंकवाली क्रीम थापत बसलो, मधेच मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली एक ट्यूब आणली, तिने दोन दिवस छान वाटलं आणि नंतर दुप्पट लाल. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की ही नुसती रॅश नाही, बुरशी आहे, कॅन्डिडा. घासून आलेली रॅश बहुतेक वेळा जिथे डायपर टेकतो तिथे, म्हणजे फुगीर भागावर असते आणि जांघेच्या घड्या वाचतात. बुरशीला मात्र घडीच आवडते, ती आतपर्यंत लालभडक होते आणि कडेने सुटे सुटे लाल ठिपके येतात. हे आधी कळलं असतं तर पोरीचे तीन आठवडे रडण्यात गेले नसते, म्हणून मग मी या सगळ्याच्या मागे जाऊन वाचत बसले.

आपल्याकडे हा आजार फार जुना नोंदलेला आहे. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात लहान आजारांच्या यादीत ‘अहिपूतन’ येतो. शी-शू झाल्यावर बाळाला धुतलं नाही, घाम आलेला असताना अंघोळ घातली नाही तर खाज सुटते, खाजवून फोड येतात, ते पाझरतात आणि मग एकमेकांत मिसळून मोठी जखम होते, असं वर्णन आहे. वाग्भटाने याचीच आणखी नावं दिलीत, मातृकादोष, पृष्ठारु, गुदकुट्ट. उपायात त्रिफळा आणि खैराच्या काढ्याने धुणं आहे आणि सोबत दूध पाजणारीचं दूध शुद्ध करणंही आहे. मला यातलं निरीक्षण जबरदस्त वाटतं, ओल आणि घाण कातडीला लागून राहते हे त्यांनी बरोबर पकडलं होतं, पण दोष आईच्या दुधावर गेला, आणि खरं सांगायचं तर तो आजही जातोच, तू काय खाल्लंस म्हणून बाळाला झालं हे कुठल्या आईने ऐकलं नसेल.

बुरशीचा शोध लागला तो मात्र बुडावर नाही, तोंडात. तान्ह्या बाळांच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो ना, तो काय आहे हे १८४१ च्या सुमारास स्वीडनमध्ये फ्रेडरिक बर्ग आणि १८४२ मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलं की ही बुरशी आहे. पुढे शार्ल रोबाँने १८५३ मध्ये तिला ‘अल्बिकन्स’ नाव दिलं आणि १९२३ मध्ये क्रिस्टीन बर्कहाउट या डच बाईंनी ‘कॅन्डिडा’. दोन्ही शब्दांच्या मुळाशी पांढरेपणाच आहे, आणि मला वाटतं गोंधळ इथेच होतो, तोंडात ती पांढरी दिसते म्हणून आपण ओळखतो, बुडावर लाल दिसते म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही की ही तीच. तोंडातून पोटात, पोटातून शीमध्ये आणि शीतून कातडीवर, असा तिचा सरळ रस्ता आहे.

रॅशच्या बाबतीत डॉक्टर लोक तेवढ्यात दुसऱ्याच वाटेने निघाले होते. १९२१ मध्ये अमेरिकेत कुक नावाच्या डॉक्टरांनी मांडलं की शीमधले जंतू लघवीपासून अमोनिया तयार करतात आणि तो अमोनिया कातडी भाजतो. लंगोट उघडला की नाकाला झोंबणारा वास येतोच, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं जंतू मारायचे हाच कार्यक्रम चालला. बोरिक ॲसिडमध्ये लंगोट बुडवायचे, बोरिकची पावडर थेट बुडावर टाकायची. सोललेल्या कातडीतून ते शरीरात जाऊन बाळं दगावली, १९५३ मध्ये छापून आलेल्या एका आढाव्यात विषबाधेच्या शंभराहून जास्त केसेस होत्या. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये त्याहून भयंकर घडलं, बाळांच्या एका टाल्कम पावडरमध्ये, म्हणजे आपलं शंखजिरं, चुकून हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक ६ टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं आणि ३६ मुलं गेली. हे वाचून मी घरातली पावडर टाकून दिली, तशीही ती बाळाच्या श्वासात जाते म्हणून आता डॉक्टर नकोच म्हणतात.

आणि एवढं होऊन अमोनिया मूळ गुन्हेगार निघालाच नाही. १९७७ मध्ये लेडन आणि सहकाऱ्यांनी रॅश असलेल्या आणि नसलेल्या बाळांची तुलना केली तर अमोनियात विशेष फरकच नव्हता. मग १९८६ च्या सुमाराला बर्ग नावाच्याच दुसऱ्या संशोधकाच्या कामातून चित्र स्पष्ट झालं, की लघवीमुळे कातडीचा आम्लपणा कमी होतो, त्याने शीमधली पाचक एन्झाइम्स जास्त जोर धरतात आणि ती आधीच ओलीने भिजून मऊ पडलेली कातडी खातात. म्हणजे शी आणि शू एकत्र फार वेळ राहणं हेच वाईट, आणि अशा सोललेल्या ओल्या जागेवर कॅन्डिडा आरामात घर करते. जस्ताचं मलम इथे कामाला येतं, झिंक ऑक्साइडची जाड पेस्ट बर्लिनच्या ऑस्कर लासार यांच्या नावाने १९ व्या शतकापासून चालत आलीय, पण तिचं काम भिंतीचं आहे. बुरशी आत शिरल्यावर नुसती भिंत बांधून काय होणार.

बुरशीवर औषध यायला मात्र ती ओळखल्यापासून शंभर वर्षं लागली. मधल्या काळात जेन्शन व्हायोलेट होतं, आपलं जांभळं औषध, कपडे आणि दुपटी सगळी रंगवणारं. मग १९४० च्या दशकात पेनिसिलिन आणि नंतरची अँटिबायोटिक्स आली, पोटातले चांगले जंतूही मरायला लागले आणि कॅन्डिडाला मोकळं रान मिळालं. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन अशा दोघी काम करत होत्या, हेझन न्यूयॉर्क शहरात, ब्राउन ऑल्बनीत, आणि बुरशी मारणारं काही मिळतंय का म्हणून मातीतले जंतू तपासताना नमुने काचेच्या बरण्यांतून चक्क पोस्टाने एकमेकींना पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या ओळखीच्या माणसाच्या शेतातली माती हेझनने आणली होती, तिच्यात हवा तो जंतू सापडला, १९५० मध्ये औषध जाहीर झालं आणि न्यूयॉर्क स्टेटवरून नाव पडलं निस्टॅटिन. रॉयल्टीचे १ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर आले ते दोघींनी स्वतः न घेता संशोधनाला दिले. मला या दोघींबद्दल खरंच फार आदर वाटतो, आणि कुठल्याही बाळाच्या आईला त्यांची नावं माहीत नसतात याचं वाईट वाटतं. पुढे १९७० च्या दशकात क्लोट्रिमॅझोल बाजारात आलं, आज आपल्याकडे जास्त करून तेच लिहून देतात.

डायपरचा इतिहासही यात गुंतलेला आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत पिओरिया गावात पॅम्पर्स विकायला आले, १९८० च्या दशकात ओल शोषून जेल होणारी पावडर आत आली आणि कातडी खरंच कोरडी राहायला लागली, तेव्हा डायपरमुळेच होतं असं सरसकट म्हणणं चूक आहे. पण आजी लंगोट ओला दिसला की लगेच बदलायची, डायपर ओला दिसतच नाही, म्हणून तोच दहा-दहा तास राहतो.

आता ती मेडिकलची ट्यूब. १९५० च्या दशकात स्टिरॉइड मलमं आली, लाली झटक्यात उतरते म्हणून सगळ्यांना आवडली, आणि हळूहळू स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये भरून विकायला सुरुवात झाली. डायपरखाली कातडी झाकलेली आणि दमट असते त्यामुळे स्टिरॉइड जास्त मुरतं, कातडी पातळ पडते, वरून लाली गेली तरी खाली बुरशी वाढत राहते. भारतात २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, आम्हाला मात्र कुणी चिठ्ठी विचारली नाही. आमच्या ट्यूबवर मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइडच, लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ती बंद केली, साधं क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, त्यावर झिंकचा जाड थर, धुवायला नुसतं कोमट पाणी, आणि रोज थोडा वेळ डायपरशिवाय उघडं ठेवायचं. चौथ्या दिवशी ठिपके कमी झाले, पण लाली गेल्यावरही त्यांनी आणखी काही दिवस औषध चालूच ठेवायला लावलं.