पेट्रोल वाया जातं, पण न जळता नव्हे

पेट्रोलच्या नळीला चिकटवायचं चुंबक, हवेच्या पाइपात बसवायची पात्यांची चकती, स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये खोचायची हिरव्या दिव्याची डबी, बॉनेटखाली ठेवायचा पाण्याचा डबा. रूपं वेगवेगळी, पण यांच्या जाहिराती सांगतात ते एकच: तुमच्या इंजिनात बरंचसं पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं, आमचं यंत्र ते पूर्ण जाळतं, म्हणून गाडीचा अ‍ॅव्हरेज वीस-तीस टक्क्यांनी वाढतो. हे ऐकताक्षणी पटतं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. गाडीत पेट्रोल वाया जातं, आणि प्रचंड जातं. पण ते न जळता जात नाही.

आजच्या धडधाकट पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये गेलेल्या इंधनापैकी साधारण 98 टक्के किंवा त्याहून जास्त इंधन जळतं. उरलेल्या अंशाचा बंदोबस्त सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. म्हणजे कुणी ज्वलन शंभर टक्के परिपूर्ण करून दाखवलं, तरी पदरात पडणार जेमतेम दोन टक्के. वीस-तीस टक्के मिळवायला तिथे तेवढं शिल्लकच नाही.

मग वाया काय जातं? उष्णता. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी गाडी कशी आणि कुठे चालवतो त्यानुसार फक्त 12 ते 30 टक्के चाकांपर्यंत पोचते. बहुतेक सगळी बाकी रेडिएटर आणि धुरावाटे बाहेर पडते, थोडी घर्षणात आणि हवा खेचण्यात संपते. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला ही मर्यादा असते, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी 1824 मध्येच दाखवून दिलं होतं. आजची उत्तमातली उत्तम पेट्रोल इंजिनंही 40 टक्क्यांच्या आसपास थबकतात. तेवढी मजल मारायला कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण), झडपांच्या उघडझापीच्या वेळा, पिस्टनचं घर्षण असं इंजिनाच्या पोटातलं सगळं बदलावं लागलं. नळीवर बाहेरून काही बांधून यातलं काहीच बदलत नाही.

या स्वप्नाला इतिहास आहे. 1930 च्या दशकात कॅनडातल्या विनिपेगचे चार्ल्स नेल्सन पोग यांनी पेट्रोलची आधी पूर्ण वाफ करून मग ती इंजिनात सोडणाऱ्या कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, पेटंटं घेतली. एका गॅलनमध्ये 200 मैल, असे आकडे त्या वेळी गाजले. स्वतंत्र चाचणीत ते कधीच सिद्ध झाले नाहीत, पण तेल कंपन्यांनी शोध दडपला ही कथा मात्र अजून जिवंत आहे. पेटंट मिळालं म्हणजे दावा खरा ठरला असं नसतं, ही साधी गोष्ट त्या कथेत निसटते.

कार्ब्युरेटरच्या काळाला मात्र न्याय दिला पाहिजे. तेव्हा इंजिनाला बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जायचं, आणि जादा हवा आत सोडणाऱ्या एखाद्या यंत्राने थोडा फरक पडूही शकायचा. पण 1976 च्या सुमाराला व्हॉल्व्होच्या गाड्यांत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. आता धुरात ऑक्सिजन किती उरला हे गाडीतला संगणक सतत पाहतो आणि एक ग्रॅम पेट्रोलला साधारण 14.7 ग्रॅम हवा हे प्रमाण राखतो. तुम्ही हवा वाढवली, की तो पेट्रोल वाढवतो.

चुंबकाचा दावा असा, की पेट्रोलच्या रेणूंचे पुंजके असतात, चुंबक ते सोडवतं आणि मग पेट्रोल नीट जळतं. पेट्रोलच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात, त्यामुळे चुंबकाचा त्यांच्यावरचा परिणाम अत्यंत क्षीण असतो. साध्या तापमानाला रेणूंची जी धडपड चाललेली असते, तिच्यापुढे तो नगण्य आहे. शिवाय इंजेक्टरमधून पेट्रोल बारीक तुषार होऊन बाहेर पडतं आणि जळण्याआधी त्याची वाफ होते. वाफेत पुंजके कसले? एमआरआयच्या यंत्रात नळीवरच्या या चुंबकापेक्षा कितीतरी जबरदस्त चुंबक असतं, आणि आपल्या चरबीतल्या कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या पेट्रोलच्या रेणूंची भावंडंच म्हणायला हवीत. त्या तिथून जशा गेल्या तशाच बाहेर येतात.

पाण्याच्या डब्याचा हिशेब मला करूनच दाखवायचा आहे, कारण तो सगळ्यात शास्त्रीय वाटतो आणि म्हणून सगळ्यात जास्त फसवतो. गाडीच्या विजेने पाण्याचं विघटन करायचं आणि निघालेला हायड्रोजन इंजिनात जाळायचा, ही कल्पना. समजा डबा 12 व्होल्टवर 20 अँपिअर घेतो, म्हणजे 240 वॅट. ही वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, आणि इंजिन पेट्रोलवर. अल्टरनेटरची कार्यक्षमता 60 टक्के आणि इंजिनाची 30 टक्के धरली, तर त्या 240 वॅटसाठी सुमारे 1300 वॅटचं पेट्रोल जळतं. डब्यातून हायड्रोजनच्या रूपात परत मिळतात फार तर 160-170 वॅट. आता ताशी 90 किलोमीटरने धावणारी, लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी घ्या. ती तासाला 6 लिटर पेट्रोल पिते, म्हणजे साधारण 53,000 वॅट. हायड्रोजनची भर त्याच्या तीनशेव्या भागाइतकी, आणि तिच्यासाठी खर्च झालेलं पेट्रोल जवळजवळ आठपट.

हायड्रोजनची ज्योत वेगाने पसरते आणि भरपूर हायड्रोजन असला तर कमी पेट्रोलच्या मिश्रणावरही इंजिन चालतं, हे खरं आहे. पण संगणक 14.7 चं प्रमाण सोडत नाही. म्हणून काही संचांबरोबर ऑक्सिजन सेन्सरला खोटा सिग्नल देणारं सर्किटही येतं. त्याने पेट्रोल कमी जातं खरं, पण कन्व्हर्टरला नायट्रोजनचे ऑक्साइड नीट मोडता येत नाहीत आणि इंजिन मिसफायर होऊ लागतं, म्हणजे मधूनच मिश्रण पेटतच नाही. त्या धुरात श्वास घेणारी माणसं वेगळीच असतात, याचा मला मनापासून राग येतो.

पोर्टमध्ये खोचायच्या डबीबद्दल थोडक्यात. अशी एक डबी अभियंत्यांनी उघडली, तेव्हा आत एक छोटी चिप, एक बटण आणि लुकलुकणारे दिवे होते. गाडीच्या संगणकाला तिने एकही संदेश पाठवला नाही. हवेच्या पाइपातली चकती तर वाटेतला अडथळाच. सिलिंडरमध्ये हवा घुसळली जावी म्हणून इंजिनाच्या मार्गिकांना आधीच आकार दिलेला असतो.

तरीही कितीतरी प्रामाणिक माणसं सांगतात, “मला फरक पडला.” ती खोटं बोलत नसतात, त्यांचं मापन फसवं असतं. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल या पद्धतीत पंपाचं नोझल कधी बंद होतं यावर सगळं ठरतं. फेस, जमिनीचा उतार, पेट्रोलचा वेग यांनी ते आधी-नंतर तुटतं. 35 लिटरच्या भरण्यात दीड लिटर इकडे-तिकडे झालं, की 4 टक्के फरक कागदावर दिसतो. त्यात वारा, तापमान आणि ट्रॅफिक मिसळतात. माणूस यंत्र घेतो तेही बहुधा अ‍ॅव्हरेज अगदी पडलेला असताना. काही न करताही पुढच्या वेळी तो थोडा वर येणार असतो. आणि यंत्र बसवल्यावर बऱ्याच जणांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पडतो.

म्हणून खरी चाचणी गाडीची चाकं जागच्या जागी रोलरवर फिरवून होते. धुरातला कार्बन मोजून किती इंधन जळलं ते काढतात, आणि यंत्राशिवाय व यंत्रासह अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा घेतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त यंत्रं तपासली आहेत. लक्षणीय बचत एकानेही दिली नाही. मोजक्या काहींनी किंचित दिली, त्यांतल्या काहींनी प्रदूषण वाढवून. वेग घेताना एसी तात्पुरता बंद करणाऱ्या उपकरणांसारखे किंचित बचतीचे थोडे अपवाद आहेत, आणि त्यात गूढ काहीच नाही.

खरी बचत इंजिनाच्या बाहेर आहे. वेग ताशी 80 वरून 100 केला, की हवेचा विरोध 56 टक्क्यांनी वाढतो. हायवेवर दामटून चालवणं, धसका देऊन वेग घेणं आणि करकचून ब्रेक मारणं यांनी 15 ते 30 टक्के इंधन जास्त जाऊ शकतं. जाहिरातींतला आकडा नेमका इथे सापडतो. चारही टायरांत एक पीएसआय हवा कमी असेल, तर सुमारे 0.2 टक्के इंधन जास्त जातं. एअर फिल्टर बदलल्याने अ‍ॅव्हरेज वाढतो हा समज मात्र इंजेक्शनच्या गाड्यांना लागू नाही. तुंबलेल्या फिल्टरने पिकअप पडतो, अ‍ॅव्हरेज जवळपास तसाच राहतो. आणि टपावरची सामानाची मोठी पेटी हायवेवर 6 ते 17 टक्के इंधन खाते. ती रिकामी असली तरी वारा अडवतेच, आणि उतरवून ठेवायला दहा मिनिटं पुरतात.